किल्ल्याचं बंद दार

माणसाच्या संस्कृतीचा ऱ्हास नेमका कधी सुरू झाला, यावर विद्वानांचं एकमत नाही. आदिलाबादच्या राघवेंद्ररावांचं मत मात्र ठाम आहे: एका जपानी व्हिडिओ गेमच्या नवव्या भागापासून.

हे मत मांडायची वेळ आली ती टीव्हीच्या कपाटामुळे. पत्नी शीतलनं सांगून टाकलं होतं की कपाटात गेमचं एकच यंत्र राहील, दुसरं रविवारी भंगारवाल्याला. एकीकडे राघवेंद्ररावांचं शाळेपासूनचं यंत्र आणि त्यात त्या मालिकेचा दुसरा भाग. दुसरीकडे मुलगी देवश्रीचं नवं यंत्र आणि नववा भाग. साक्षीला भैंसा गावाहून राघवेंद्ररावांची थोरली बहीण कुमुदिनी आली.

आधी नवा लावला. नायकाच्या डोक्यावरचा एकेक केस सुटा हलत होता. नायक दुःखी होता आणि का दुःखी आहे ते सविस्तर सांगत होता. मग राक्षस आला आणि सगळे एकदमच त्याच्यावर तुटून पडले.

"हे लढून राह्यले का बसमधी चढून राह्यले?" कुमुदिनी म्हणाली. "आमच्या गेममधी पयले आपण मारायचं, मंग राक्षस. तोवर तो उभा राह्यचा बिचारा."

"आमी चहा पिऊन यायचो," राघवेंद्रराव म्हणाले. "राक्षस तिथंच. याला संस्कार म्हणतात."

"पण आत्या, त्यात स्टोरी काय होती?" देवश्रीनं नेमकं दुखतं ते विचारलं.

स्टोरी होती. नांदेडच्या एका दुकानातून आणलेली सीडी जपानी होती आणि त्यातलं अक्षर कुणाला कळत नव्हतं, एवढंच. नायक गावातल्या दाढीवाल्याकडे जायचा. तो काहीतरी बोलून विहिरीवरच्या बाईकडे पाठवायचा, बाई किल्ल्याच्या दरवानाकडे, दरवान पुन्हा दाढीवाल्याकडे. बहीणभावांना पहिल्याच दिवशी उलगडा झाला: पोरगा बापाचं शेत सरकारी कागदात नावावर चढवायला हिंडतोय. दाढीवाला म्हणजे गिरदावर, जमिनीच्या नोंदी तपासणारा. किल्ला म्हणजे तहसील.

"मग चढलं का शेत नावावर?" शीतलनं विचारलं.

"दोन उन्हाळे हिंडलो, शीतल. किल्ल्याचं दारच उघडलं नाई."

"मग हा गेम चांगला काऊन म्हणायचा?"

"अवं, खरा होता ना! ह्या नव्यातलं पोरगं पाय. दुपारी निघालं, संध्याकाळी राजाला भेटून आलं. असा कोणता राजा भेटते?"

शीतल स्वतः महसूल खात्यात होती. तिनं नव्या यंत्राची वायर काढली आणि म्हणाली, "जुनं राहू द्या."

नवं यंत्र देवश्रीच्या खोलीत गेलं. भंगारवाल्याच्या वाट्याला जुनी इस्त्री आली. राघवेंद्रराव मांडी घालून पुन्हा दाढीवाल्याकडे निघाले, आणि शेजारी बसून कुमुदिनी सांगू लागली, "गिरदावर म्हणून राह्यला, साहेब दौऱ्यावर हायत, सोमवारी या."

दोघांचे चेहरे कधी नव्हे इतके निवांत होते.

देवश्रीनं सीडीचं पाकीट उचललं आणि त्यावरची बारीक जपानी ओळ फोनच्या कॅमेऱ्याखाली धरली. फोननं भाषांतर दाखवलं: विक्रीसाठी नाही. दुकानात दाखवण्याचा नमुना. यात फक्त पहिलं गाव आहे.