शंभर सकाळींचा पडताळा

मित्रांनो, माणसांच्या कानामागे बसून त्यांची भांडणे ऐकण्यातच ज्याचे आयुष्य गेले, असे मी एक जुने श्रवणयंत्र आहे. घरात मला सगळे ‘कानातलं मशीन’ म्हणत. आता माझी नळी पिवळी पडली आहे आणि आवाज कमी-जास्त करायचे चाक अर्ध्यावर अडते. पण एका मुलीने आपल्या वडिलांसाठी मला दुकानातून आणले, तेव्हा मी नवाकोरा होतो.

माझे मालक पत्र्याची पिंपे बनवणाऱ्या कारखान्यात होते. तीस वर्षे हातोड्यांच्या दणदणाटात काढली आणि कान गमावून बसले. पिंपे तपासणे हे त्यांचे काम. पिंपात हवा भरायची, ते पाण्यात दाबून धरायचे, बुडबुडे आले की पिंप गळके. तपासल्याशिवाय एकही पिंप आपण बाहेर जाऊ दिले नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

रोज सकाळी ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून देवाशी बोलत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ओरडूनच बोलत. “देवा, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गुडघ्याकडे बघ. पोस्टमनच्या बायकोला सुखरूप सोडव. आणि समोरच्या त्या भांडकुदळाला रात्री झोप लागू दे!” साऱ्या इमारतीची दुखणी साऱ्या इमारतीला कळत. मी आलो त्या पहिल्याच सकाळी मालक दचकले. “अरे बापरे, मी एवढा बोंबलत होतो?” मुलगी पोट धरधरून हसली. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

पुढे मालकीणबाई आजारी पडल्या. मालकांनी सहा महिने रोज त्यांच्यासाठी मागणे मागितले. तरी त्या गेल्या. दुसऱ्या सकाळी मालक पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि मुलीचा संयम सुटला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे.

“बाबा, आई गेली आणि तुम्ही अजून त्याच्याशीच बोलताय?”

“मग कोणाशी बोलू?”

“सहा महिने मागितलंत. काय मिळालं?”

“ती वाचली नाही, खरंय. पण त्या सहा महिन्यांत मी एकटा नव्हतो.”

“हे तुमचं वाटणं झालं, बाबा. पुरावा नाही.”

“वाटण्याला काहीच किंमत नसते का गं?”

“असते. पण त्यावरून पलीकडे कोणी ऐकतंय, हे सिद्ध होत नाही.”

शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी ती म्हणाली, “तपासल्याशिवाय तुम्ही पिंप सोडायचा नाहीत. मग हेच तेवढं का नाही तपासत?”

मालक खुर्चीतून उठून उभे राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं. तपासायला भिणारा माणूस मी नाही.”

मुलीने वही आखून दिली. एका बाजूला दहा आजारी माणसे, त्यांच्यासाठी मागायचे. दुसऱ्या बाजूला तशीच आणखी दहा, त्यांचे नाव काढायचे नाही. “त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय माझं?” मालक कळवळून म्हणाले; पण शब्द दिला होता, तो पाळला. शंभर सकाळी हा पडताळा चालला. मालकांनी काहीही हातचे राखले नाही. गुडघे दुखत असताना जिने चढून ते घरोघर विचारपूस करीत आणि दिसेल ते खरे लिहीत.

शेवटी मुलीने सगळे जुळवून पाहिले. दोन्ही बाजू जवळपास सारख्या होत्या. उलट, ज्यांच्यासाठी मागितले नव्हते त्यांच्यातला एक जण जास्तच बरा झाला होता. मालकांनी वही दोनदा वाचली, मिटली आणि म्हणाले, “गळकं निघालं.”

त्यानंतर ते त्या खुर्चीत बसले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारले, “हल्ली माझ्या गुडघ्याला विसरलात वाटतं?” मालक मान खाली घालून उतरले. मुलीला हे बघवेना.

“बाबा, मी काही तुमचं बोलणं बंद करा म्हटलं नव्हतं.”

“मग कोणाशी बोलू?” ते म्हणाले.

हळूहळू त्यांनी मला लावणेही सोडले. मी गोळ्यांच्या डब्यात पडून राहिलो.

दोन वर्षांनी मुलीलाच रक्ताचा आजार झाला. डॉक्टरांनी शिकस्त केली, पण गुण येईना. मालकांनी नवा सेल घालून मला कानाला लावले आणि तिच्या खाटेशेजारी मुक्काम ठोकला. एका दुपारी ती म्हणाली, “बाबा, एकदा माझं नाव घ्या ना. पूर्वी सगळ्यांचं घ्यायचात तसं.”

“तुझा विश्वास बसला का आता?”

“नाही. पण तुम्ही माझ्यासाठी मागताय, एवढं ऐकायचंय मला.”

मालकांनी डोळे मिटले. “देवा,” ते म्हणाले. तो शब्द मी जसाच्या तसा त्यांच्या कानात पोचवला. पुढचा शब्द आलाच नाही. त्यांनी डोळे उघडले.

“जमत नाही, पोरी. माझ्याच कानाला खोटं लागतंय.”

“वही चुकली असेल, बाबा. फार थोडी माणसं घेतली होती मी.”

“नाही गं. तू चोख काम केलं होतंस.”

आयुष्यात ते तिच्याशी कधी खोटे बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

मित्रांनो, तिचा तर्क चुकीचा होता असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मीही विज्ञानाचेच लेकरू. मालकांना माणसांचा आवाज परत मिळाला तो माझ्यामुळे, मागण्यामुळे नाही. तेव्हा वाद घालू नका, असे मी सांगत नाही. तुमच्या घरी कोणी तुमचे नाव घेऊन कुणाकडे काही मागत असेल, तर त्याला जरूर प्रश्न विचारा. पण आधी एकदा त्याचे सगळे बोलणे ऐकून घ्या, आणि ते थांबले तर तुम्हाला चालेल का, हे स्वतःला विचारा. आम्ही ते विचारले नाही. आज मला कोणी पुन्हा कानाला लावले, तरी आमच्या घरात ऐकण्यासारखे काही उरलेले नाही.