रिकाम्या ग्लासाचा वास

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं पाणी तपासत होती, म्हणून वाइनच्या दुकानात तिला सगळे ‘पाणीवाल्या बाई’ म्हणत. त्यातली थट्टा तिला कळायची. थट्टा करणाऱ्यांना पाण्यातलंही काही कळत नाही, हेही तिला माहीत होतं.

दुकानदाराने गिऱ्हाइकांची मतं मांडायची पद्धत पाडली होती. पोस्टकार्डाएवढं पांढरं कार्ड दोऱ्याने बाटलीच्या गळ्यात अडकवायचं. सर्वांत जास्त कार्डं दातांचे डॉक्टर लिहीत. ‘ही वाइन म्हणजे विसरलेल्या प्रेमपत्राला लागलेला संध्याकाळचा वास’, असं त्यांचं एक कार्ड वर्षभर लटकत होतं. संध्याकाळचा वास किती अंश तापमानाला येतो, असं तिने दुकानदाराला शांतपणे विचारलं होतं. तो हसला होता. ती हसली नव्हती.

तिची स्वतःची पद्धत ठरलेली होती. रविवारी सकाळी अकरा वाजता, पोटात पाण्याशिवाय काही नसताना ती टेबलाशी बसायची. धाकटी बहीण स्वयंपाकघरात बाटल्या उघडायची, वाइन ग्लासांत ओतायची आणि बुडाला नुसते आकडे चिकटवलेले ग्लास बाहेर आणून ठेवायची. बाटली, नाव, लेबल यांतलं काहीही तिच्या नजरेस पडायचं नाही. हुंगायचं, घोट फिरवायचा, भांड्यात थुंकायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग लिहायचं. लिहायच्या त्याही फक्त टेबलावर आणून ठेवता येतील अशा वस्तू. लिंबाची साल, मिरी, ओलं लाकूड. प्रेमपत्रही टेबलावर ठेवता येतं की, असं बहीण एकदा म्हणाली होती. तुझ्याकडे असेल तर ठेव, असं उत्तर मिळालं आणि तो विषय तिथेच संपला.

ग्लासांचेही नियम होते. साबण लावायचा नाही, नुसत्या गरम पाण्याने धुवायचे. कपाटात तळणाचा वास लागतो, म्हणून गेल्या महिन्यापासून ते ज्या खोक्यातून आले त्याच खोक्यात उपडे घालून ठेवायचे. बहिणीने हेही मुकाट्याने मान्य केलं.

त्या महिन्यात पाचपैकी चार वाइन बाद झाल्या. चारही ग्लासांना ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, म्हणजे बुचाला बुरशीचा दोष. पाचवी इतकी उग्र होती की तिच्यात काहीही लपलं असतं. पुढच्या रविवारी तिने त्याच वाइनच्या दुसऱ्या बाटल्या मागवून पुन्हा पाहिलं. तोच वास. माणसं काम धड करीनाशी झाली आहेत, असं तिला बरेच दिवस वाटत होतंच. आता पुरावा हाती आला. चार कार्डांवर तिने एकच मजकूर लिहिला: ‘ओल्या पुठ्ठ्याचा वास. बूच बिघडलेलं. घेऊ नये.’

चारपैकी तीन वाइन मोठ्या कंपन्यांच्या होत्या. त्यांना कार्डाचा पत्ताही नव्हता. चौथी एका मळेवालीची होती. नवरा गेल्यावर ती लहानसा द्राक्षमळा एकटीने चालवायची, आणि या दुकानाने तिचा माल पहिल्यांदाच ठेवून घेतला होता, चाळीस खोकी. पाणीवाल्या बाईंच्या कार्डानंतर एक बाटली हलली नाही. गुरुवारी दुपारी बारा वाजता गाडी घेऊन या आणि माल परत न्या, असं दुकानदाराने मळेवालीला कळवलं.

मळेवाली बुधवारी संध्याकाळीच येऊन बसली. ऑफिस सुटल्यावर बाई दुकानात शिरल्या तेव्हा ती काउंटरशी स्टुलावर होती. पलीकडे दातांचे डॉक्टर एक लेबल फार लक्षपूर्वक वाचत होते.

“बूच बिघडलंय, हे तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

मळेवालीने पिशवीतून बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि मान पिरगाळावी तसं वरचं पत्र्याचं झाकण फिरवलं. कर्र आवाज झाला.

“दाखवा. कुठंय बूच?”

डॉक्टरांचं लेबल वाचून संपेना.

बाई म्हणाल्या की हा दोष लाकडी पिंपातूनही येऊ शकतो.

“माझ्याकडे स्टीलच्या टाक्या आहेत. लाकूड म्हणाल तर माझी बसायची खुर्ची.”

इथेच पिऊन बघा, असा दुकानदाराने आग्रह केला. दुकानात, चार माणसांसमोर, बाटली पाहून चव घेणं ही आपली पद्धत नाही, असं बाईंनी सांगितलं. मळेवालीने त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“एका महिन्यात चौघांना नापास केलंत म्हणे. वर्गातली सगळी पोरं नापास झाली बाई, की आम्ही मास्तराकडे बघतो.”

घरी जाताना बाईंनी मनातल्या मनात तिला सात उत्तरं दिली. सातही चोख होती. नाकाने कांदे सोलणारी म्हणून लोक आपल्याला हसतात ते हसोत, पण नाक खोटं बोलत नाही. मळेवालीच्या बाटलीला बूच नव्हतं हे तुला दिसलं नाही का, असं जेवून उठताना त्यांनी बहिणीला विचारलं. दिसलं, पण बाटलीबद्दल अवाक्षर काढायचं नाही हा तुझाच नियम, असं बहिणीने सांगितलं.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी रोजच्यासारखी पहिली बाटली भरली. शुद्ध पाण्याची. नमुन्यांआधी ती तपासायची, म्हणजे दोष पाण्यात नसून भांड्यात असेल तर आधीच कळतो. ही कोरी चाचणी विसरला म्हणून त्यांनी एका सहकाऱ्याचा महिनाभराचा अहवाल फेकून दिला होता, चारचौघांत.

बाटली हातात धरून त्या उभ्या राहिल्या. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या.

खोक्यातून एक ग्लास काढून त्यांनी त्यात कोमट पाणी घातलं, वर बशी झाकली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसून राहिल्या. बशी उचलून नाक खाली नेलं. पुठ्ठा. दुसऱ्या ग्लासात पुठ्ठा. सहाही ग्लासांत. ओलसर ग्लास उपडे घातलेले, खालचा पुठ्ठा गोल गोल डागांनी मऊ पडलेला.

“ताई, आता पाण्यालाही नापास करतेस का?” बहीण दारातून म्हणाली. मग जवळ येऊन तिने खोक्यात पाहिलं. “यात ठेवायला तूच सांगितलंस.”

“मीच,” त्या म्हणाल्या.

पावणेबारा झाले होते. नाक मुठीत धरून जाणं म्हणजे काय, ते त्यांना रस्ताभर कळत होतं. दुकानासमोर गाडी उभी होती आणि निम्मी खोकी चढलीही होती. बाईंनी दुकानदाराकडे नवा ग्लास मागितला, तो गरम पाण्याने धुऊन पुसला आणि आधी रिकामाच हुंगला. दुकानदाराचं तोंड उतरलं. मग त्यांनी मळेवालीच्या बाटलीतून, झाकण बघत, चार माणसांसमोर वाइन ओतून घेतली.

हुंगून, घोट फिरवून, थुंकून त्या दहा मिनिटं थांबल्या. मग त्यांनी कार्ड लिहिलं.

‘माझं आधीचं मत चुकीचं आहे. पुठ्ठ्याचा वास माझ्या ग्लासांचा होता. वाइनमध्ये दोष नाही. अंगाने पातळ. आंबटपणा जास्त. टोमॅटोच्या हिरव्या देठाचा वास. चव लवकर विरते.’

दुकानदाराने वाचून कपाळाला हात लावला. एवढी चूक कबूल करताच आहात, तर एखादा गोड शब्द घाला, असं त्याने विनवलं. गोड असती तर घातला असता, असं त्या म्हणाल्या.

मळेवालीने कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं.

“आंबट आहे,” ती म्हणाली. “गारांच्या भीतीनं आठ दिवस आधी द्राक्षं तोडली. ते माझं. पुठ्ठा माझा नव्हता.”

मग तिने गाडीवाल्याला खोकी उतरवायला सांगितलं आणि दुकानदाराकडे पाहिलं. त्याने विरोध केला नाही. आपल्या हाताने तिने नवं कार्ड बाटलीला अडकवलं. तिथे आधीच एक लटकत होतं, डॉक्टरांचं: ‘शिशिरातल्या एकटेपणाची चंदेरी चव’.

“याला ‘आंबट’ हा शब्द येत नाही का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि त्या बाकीच्या तिघांचं काय?”

बाईंनी आणखी तीन कोरी कार्डं मागून घेतली आणि, ज्यांना ती कधी दिसणारही नव्हती त्यांच्यासाठी, काउंटरशी उभ्या राहून लिहायला लागल्या.