सात गोठ्यांतली एकच गाय

तोलोमुशच्या कश्का गायीसारखी गाय त्या डोंगरगावात दुसरी नव्हती. तकतकीत अंग, भरलेली कास. त्याची सून आयझिरेक हिचा गर्भ दोनदा गेला होता. आता पुन्हा चौथा महिना चालू होता. या खेपेला नातवंड हाती लागावं म्हणून तोलोमुश रोज सकाळी समोर उभा राहून तिला कश्काचं धारोष्ण दूध पाजत असे.

सरकारी पशुवैद्य झूरा, जिला सगळे एजे म्हणजे ताई म्हणत, ती घरोघर फिरून गायींचं रक्त घेणार, असं कळलं. रोग निघाला की गाय कापायची, हा नियम. गावाने डोकं चालवलं. प्रत्येक गोठ्यात कश्काच बांधायची, मागच्या वाटेने पुढच्या घरी न्यायची, कपाळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर कुठे चिखल लावायचा, कुठे काजळी. तोलोमुशने मोठ्या मनाने गाय दिली. गावातला वडीलधारा म्हणून तेवढं करणं भागच होतं.

सहाव्या घरी सुई दिसताच कश्काने आपण होऊन मान पुढे केली.

"शहाणी आहे तुमची गाय," झूरा म्हणाली.

"आमच्या घरचं वळणच तसं, झूरा-एजे," घरमालक बेकिश म्हणाला.

सातव्या घरी झूराने गायीच्या कपाळावरून बोट फिरवलं, बोटाची काजळी रुमालाला पुसली आणि रक्ताच्या नळीवर मालकाचं नाव लिहिलं.

दहा दिवसांनी निकाल आला. सातही गायींना रोग.

"ती माझी गाय नव्हतीच," शाळेच्या पटांगणात बेकिश म्हणाला.

"मग कोणाची?" झूराने विचारलं.

सगळे तोलोमुशकडे बघू लागले.

"तुझं यंत्र चुकलं असेल, पोरी. कुठल्या बाजूने आजारी दिसते ती?"

"दिसत नाही, अता," वडीलधाऱ्याला हाक मारतात तशी झूरा म्हणाली. "दिसली असती तर सुई कशाला लागली असती? कधी गाभडली होती का?"

"एकदा. उतारावर घसरली होती."

"तिचं दूध न उकळता कोण पितं? माणसांनाही हाच रोग होतो. बायकांचा गर्भ जातो."

कोणीतरी खोकलं. तोलोमुश तडक घरी गेला. आयझिरेकने दुधाचा वाडगा तोंडाला लावला होता. त्याने तो तिच्या हातून काढून घेतला.

"संपवते ना, अता. ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी झूरा सहा घरांच्या खऱ्या गायींचं रक्त घ्यायला आली, तेव्हा तोलोमुश कश्काला घेऊन उभा होता. कपाळ स्वच्छ धुतलेलं. मागे आयझिरेक.

"हिचंही रक्त तपासायचंय," तो सुनेकडे बोट दाखवत म्हणाला.

"ते दवाखान्यात घेतात. चिठ्ठी देते."

"दे. मी सोबत जातो," तोलोमुश म्हणाला. "यावेळी नळीत हिचंच रक्त असेल."