आक्कांची धुरी

आंघोळ झाली की बाळाला धुरी. यात विचारायचं काय असतं? शिरोळजवळच्या त्या घरात आक्कांनी घमेल्यात शेणीचा विस्तव घेतला, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकलं आणि नातीला धुरावर धरलं.

जावई विश्वजित दारातच उभा होता. पोर सातव्या महिन्यात झालेली, अकराशे ग्रॅमची. कोल्हापूरच्या दवाखान्यात बावन्न दिवस काचेच्या पेटीत, नळीनं ऑक्सिजन. घरी सोडताना सिस्टरनी त्यालाच बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरात धूर नको. कसलाच नको.

पण ही सासरवाडी. सासूला बाळंतपणातलं जावयानं शिकवायचं?

"आक्का, धूर जरा..."

"जावईबापू, तुमी चा घ्या. पाच पोरं ह्याच धुरावर वाढीवल्यात. तुमच्या बायकूसकट."

त्याची बायको वर्षाराणी हसली. त्यानं चहा घेतला.

धुरी रोज चालू राहिली. पाचव्या दिवशी सकाळी श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. ओठ जांभळे. गाडी कोल्हापुरात पोचेपर्यंत वर्षाराणीनं तिच्या छातीवरचा हात काढला नाही.

दवाखान्यातल्या त्याच भैरवी सिस्टरनी पोरीला ऑक्सिजन लावला. मग दुपटं नाकाला लावलं.

"वास कसला ह्याला?"

"धुरी दिली की," आक्का म्हणाल्या. "त्यानं काय हुतंय?"

"आक्का, तुमची पोरं दिवस भरल्याली. हिची फुफ्फुसं कच्ची. जगवायला ऑक्सिजन द्यावाच लागला, पण त्यो लई दिवस दिला की आतनं गंज धरल्यागत हुतंय. त्याला तोंड द्यायची ताकद पोटातल्या शेवटच्या म्हैन्यांत येत्या. ही त्याच्या आधीच आली. त्यात तुमी धूर घातलासा."

"मला कुणी सांगिटलं न्हाय ओ."

"सांगिटलंय की. ह्यास्नी."

आक्का जावयाकडं वळल्या. "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग माझा हात का धरला न्हाईसा?"

 वर्षाराणीनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एकोणीस दिवसांनी पोर घरी आली, पण सिलिंडर घेऊन. नळी कधी निघेल, डॉक्टरांनी सांगितलं नाही. आक्कांनी ते घमेलं घरामागच्या परड्यात नेऊन पालथं घातलं. विश्वजित आता दारातच बसतो. चुलत सासरे बिडी ओढत आले तर तोंडावर म्हणतो, "मामा, बिडी भाईर. कपडं बदलून या." मामा रुसून गेले. दोन आठवडे झाले, आले नाहीत.

रुसू देत. मंडळी, आक्कांनी विस्तव मायेनंच आणला होता. त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो मानापानापायी चहा पीत बसला. तुमच्या घरी असं दिवस भरायच्या आधी झालेलं लेकरू असेल तर धुरी, अगरबत्ती, चूल, बिडी, सगळं लांब ठेवा. आणि दवाखान्यात तुम्हाला सांगितलेलं घरात सगळ्यांना सांगा, सासू असली तरी. विश्वजितला ते एक वाक्य बोलायला पाच दिवस मिळाले होते.