ग्रेसचे चार हात

ग्रेस तापानं गेली तेव्हा त्या घळीत सोनं खणणारे पुरुष तीनशेच्या घरात होते आणि बायका उरल्या तीन. तिच्या नवऱ्यानं, पास्कोनं, वाळू धुवायचा लाकडी पाळणा मोडला आणि त्याच्या फळ्यांची शवपेटी ठोकली. प्रश्न नेण्याचा होता.

त्यांच्या मुलखातली, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलकडची रीत अशी, की बाई गेली तर तिला बायांनीच न्यायचं. पेटीच्या कड्यांत पंचे ओवून ती हातांवर उचलायची, मागून सगळ्यांनी गात चालायचं. इथं ऑस्ट्रेलियात कोण पाळतंय? मागं एका बाईला बैलगाडीत, पिठाच्या पोत्यांवर घालून नेलेलं ग्रेसनं पाहिलं होतं. "टॅमसिन, मला सामानासारखं पाठवू नकोस गं," असं ती मरताना धाकट्या बहिणीला म्हणाली होती. टॅमसिननं शब्द दिला होता.

टॅमसिन, म्हातारी केझायाकाकू आणि तिची सून. चौथी कोण? तशी चौथी होती. आयरिश ओनोरा. पण ती दारूचा गुत्ता चालवायची, म्हणून तिला बायकांत कुणी धरत नव्हतं.

"त्या गुत्तेवालीचा हात ग्रेसच्या पेटीला?" केझाया कडाडली. "पोरीनं जन्मात थेंब चाखला नाही!"

"मग गाडी जुंपा, काकू. पोती मी आणते."

काकू पंचे शोधायला उठली.

टॅमसिन तडक गुत्त्यात शिरली.

"वाट चुकलीस की काय?" ओनोरा हसली. कारण कळताच तिचं हसू मावळलं. "मी कॅथलिक आहे. तुमची भजनं मला येत नाहीत."

"गायला पुरुष आहेत. मला हात हवेत."

ओनोरा गिऱ्हाइकांकडे वळली. "उठा रे! गुत्ता बंद. ए, तोंड पूस आणि टोपी काढ. बाई चाललीय घरची."

जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा; ऊन डोकं फोडत होतं. एरवी वळणावळणाला उचलणारे बदलतात. इथं बदली नव्हतीच. पास्को रिकाम्या हातांनी मागं गात होता, रडत होता. टेकडीच्या चढाला केझायाचे गुडघे वाकले आणि पाच-सहा पुरुष धावले.

"मागं व्हा!" ओनोरा गरजली. तिनं म्हातारीचा पंचा आपल्या दुसऱ्या मनगटाला गुंडाळला आणि मागची बाजू एकटीनं उचलून ती चढ चढली. काय बाई होती! टॅमसिनला तिच्या पाया पडावंसं वाटलं. माथ्यावर केझायानं आपला पंचा परत घेतला. ग्रेसला खड्ड्यातही बायांनीच उतरवलं.

माती लोटून झाल्यावर ओनोरा झाडाखाली बसली. दोन्ही मनगटं सोलवटली होती. केझाया आली, आपल्या रविवारच्या पांढऱ्या एप्रनची पट्टी टरकन फाडली आणि बांधायला लागली.

"दुखतंय, म्हातारे!"

"गप बस. आणि ऐक. मी गेले की माझ्या पेटीची पुढची उजवी बाजू तू धरायचीस. आत्ताच सांगून ठेवते, ऐनवेळी शोधाशोध नको."