अख्खं चित्र, की एखादंच काहीतरी

टक्.

एवढासाच आवाज, पण घरात इतकी शांतता होती की भुंगीच्या आईच्या हातातला कप हिंदकळला. आतल्या खोलीत मॉनिटर पुन्हा आपण होऊन बंद पडला होता. मागोमाग दोन हलक्या थपडा ऐकू आल्या. भुंगी खुर्चीवर गुडघे टेकून, पुढे ओणवी होऊन त्याच्या पाठीवर मारत असणार. कुठे आणि किती जोरात मारलं की तो उजळतो, हे त्या सहा वर्षांच्या पोरीला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

"लागला का गं?" आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"लागला. पण बाबा परत अडकले."

भुंगी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते म्हणून बाबांनी ठेवलेलं. फक्त रविवारी सकाळी दहा ते अकरा तिची गुणगुण बंद असायची, कारण त्या तासाला बाबा यायचे. यायचे म्हणजे गेममध्ये. एरवी ते लांबच्या शहरात एका कारखान्यात रात्रपाळी करत आणि वर्षातून दोनदा घरी येत. तिकडे एका खोलीत चौघं राहायचे, सकाळी बाकीचे तिघं झोपलेले असायचे. म्हणून बोलायचं नाही, नुसतं खेळायचं, असा बापलेकीचा नियम होता.

गेममध्ये नदीकाठी दोघं मिळून एक घर बांधत होते. बाबा म्हणजे पिवळ्या टोपीचा बुटका माणूस. भुंगी म्हणजे हिरवी बकरी. का, ते विचारायचं नाही. बकरीने दगड आणायचे आणि टोपीवाल्याने रचायचे. चार भिंती झाल्या होत्या. छपरापाशी मात्र दोन महिने घोडं अडलं होतं.

तो तास भुंगीच्या आईचाही होता. आठवड्यातला एकच चहा ती बसून, गरम असताना प्यायची. म्हणून त्या खोलीत ती सहसा जायची नाही. बापलेकीत आपली लुडबुड कशाला, असं म्हणायची. खरं सांगायचं तर तिला तो कप सोडवायचा नाही.

संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवर तिने विषय काढला. "स्क्रीन फार अडकते म्हणे."

"अडकणारच. आपल्या लग्नाआधीचा मॉनिटर तो. भुंगीलाही मी तेच सांगितलंय. घेऊन टाक एखादा. गेमिंगचा बघ, तो अडकत नाही. बजेट बघून घे म्हणजे झालं."

"बजेट कुठे दिसलं तर बघीन ना."

तो हसला. चप्पल पायात घालून दारात उभा असलेला माणूस हसतो, तसं. पूर्वी तिच्या असल्या एका वाक्यावर दहा मिनिटं निघायची. हल्ली 'जेवलीस का' आणि 'ठेवतो' यांच्यामध्ये फारसं काही मावत नव्हतं. एक रविवारचा तास तेवढा न चुकता चालला होता. तो मॉनिटरपायी गेला तर लेकीच्या वाट्याला बाप उरणार किती, हे गणित तिला करायचं नव्हतं.

ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम करायची. तिच्या स्वतःच्या दोन दाढांचं रूट कॅनाल होऊन चार महिने झाले होते, वरच्या कॅप राहिल्या होत्या. डॉक्टरबाईंनी आपली फी सोडली होती, पण कॅप बाहेरच्या लॅबमधून यायच्या. त्यांचे नऊ हजार तिने साठवले होते.

"माप कधी देतेस?" शनिवारी डॉक्टरबाईंनी हातमोजे काढता काढता विचारलं. "दाढ फुटली तर काढावी लागेल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"पुढच्या महिन्यात, मॅडम."

"हे चौथ्यांदा. अख्ख्या गावाला फोन करून तारखा देतेस आणि स्वतः…"

"दिव्याखाली अंधार," ती म्हणाली आणि डाव्या बाजूने डबा खाऊन, जेवणाच्या सुट्टीतच कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

दुकानात भिंतभर मॉनिटर होते आणि प्रत्येकावर तीच लाल गाडी त्याच वळणावरून धावत होती. दुकानदारकाकांचा चष्मा कपाळावर चढलेला होता.

"गेम खेळायला हवाय. अडकणार नाही असा."

"खेळणार कोण?"

"मुलगी. पहिलीत आहे."

"मग हा वाकडा नको," त्यांनी मध्ये खोलगट असलेल्या एका रुंद मॉनिटरकडे बोट केलं. "याची किंमतही वाकडी आहे. बजेट?"

"नऊ हजार."

"अडनिडा आकडा. सहा म्हणाला असतात तर मी वाद घातला नसता, बारा म्हणाला असतात तर तुम्ही घातला नसता." चष्मा नाकावर आला. "हे बघा. हा साठ हर्ट्झ, हा शंभर, हा एकशे ऐंशी. म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलतं. जितकं जास्त, तितकी हालचाल सुळसुळीत."

"मग एकशे ऐंशीवाला द्या. हजार-दीड हजार वर गेले तर बघते मी."

"कॉम्प्युटर कधीचा?"

"लग्नाआधीचा."

"म्हणजे तो बिचारा सेकंदाला साठ चित्रं देतानाच धापा टाकणार. म्हाताऱ्याला महागाचे बूट घातले म्हणून तो पळत सुटत नाही, ताई. हा शंभरवाला, चोवीस इंची घ्या. साडेआठला देतो. जुनी केबल चालेल. उगाच ऋण काढून सण नको."

त्यांचं म्हणणं पटत होतं, तरी तिचा हात त्या महागाच्या मॉनिटरवरून निघेना. "काका, हा अडकला तर? माझं बरंच काही त्यावर अवलंबून आहे हो."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "एक सांगा. अख्खं चित्र अडकतं, की त्यातलं एखादंच काहीतरी?"

तिची जीभ आपसूक उजवीकडच्या दाढेपाशी गेली. भुंगी नेमकं काय म्हणते ते तिला आठवलं. दर रविवारी तेच, बाबा अडकले. स्क्रीन अडकली असं त्या पोरीच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

"अख्खं," ती म्हणाली. "सगळंच अडकतं."

"मग बदला. मॉनिटर भोळा असतो, पाठवाल ते दाखवतो. माणसं निवडून अडकवायची अक्कल त्याला नसते."

दुकानदाराच्या विनोदाला हसायचं असतं, म्हणून ती हसली. शंभरवाला घेतला. उरलेल्या पाचशेतले निम्मे खोक्यासाठी गाडी करण्यात गेले.

रविवारी साडेनऊलाच टेबल पुसून झालं. काचेवरचं प्लास्टिक सोलायचा मान भुंगीचा. तिने ते दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, एका तुकड्यात सोललं आणि गळ्यात शालीसारखं गुंडाळलं. आज आईनेही आपला चहा या खोलीत आणला, पलंगाच्या कडेला बसली.

मॉनिटर लागला आणि दोघी पुढे सरकल्या. जुन्यावर नदी म्हणजे एक निळसर डाग होता. आता लाट न् लाट वेगळी दिसत होती, तळाचे गोटेसुद्धा. गवताची पाती झुलत होती. बकरीच्या हनुवटीला दाढी आहे हे भुंगीला आज कळलं आणि ती खुदकन हसली.

बरोबर दहाला पिवळी टोपी आली.

"आले," भुंगी पुटपुटली.

टोपीवाला चार पावलं चालला. भिंतीपाशी आला. थांबला.

बकरीने दगड आणून त्याच्या पायाशी ठेवला. दुसरा ठेवला. मग तिसरा. त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, शिंगाने ढुशी दिली. नदी वाहत होती, ढग सरकत होते. एक फुलपाखरू टोपीवर बसलं, उडालं, पुन्हा येऊन बसलं. दहा मिनिटं झाली, मग वीस.

भुंगीच्या आईचा कप तसाच राहिला, वर साय धरली. ती उठली आणि काही कळायच्या आत तिने मॉनिटरच्या पाठीवर दोन हलक्या थपडा मारल्या.

"आई, नव्याला मारायचं नसतं."

"चुकलं गं."

तिने बाहेर जाऊन फोन लावला. घंटा शेवटपर्यंत वाजली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. झोपले असतील. रात्रभर उभं राहून काम, माणूस पडल्या पडल्या झोपणारच. यायचं तेवढं आले, सुरू करून ठेवलं आणि डोळा लागला असेल. दर रविवारी. झोपले असतील, किंवा… त्या 'किंवा'च्या पुढे तिने पाऊल टाकलं नाही. सात दिवसांत परत घेतो, असं काका म्हणाले होते. पण परत नेऊन त्यांना सांगणार काय, यात खोट आहे म्हणून? मॉनिटर तर आरशासारखा लख्ख होता.

ती खोलीत परतली तेव्हा भुंगीने दगड आणणं थांबवलं होतं. ती नाक काचेला टेकवून बघत होती.

"आई, इकडे ये. हळू ये."

ती जवळ गेली.

"बघ, बाबांचं पोट वर-खाली होतंय. श्वास घेतायत ते. डोळे पण मिटतात मधेमधे. जुन्यावर दिसायचंच नाही हे."

खरंच होतं. पिवळ्या टोपीखाली दोन ठिपक्यांएवढे डोळे मिटत होते, उघडत होते आणि समोर नदीकडे बघत होते.

"म्हणजे स्क्रीन अडकलेली नाहीये ना?"

"नाही," आई म्हणाली.

भुंगीने गळ्यातलं प्लास्टिक सोडवलं, त्याची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"मग बाबा कुठे अडकलेत?"