चार दिवस

लुसियन ब्रिस्बॉयने मलमलीच्या पिशवीत वाळवलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवट चव आणि वास देणारी वेलीची बोंडं, भरले, बुडावेत म्हणून तळाशी दोन जड स्टीलचे वॉशर टाकले, तोंड दोऱ्याने बांधलं आणि पिशवी बिअरच्या पिंपात सोडली. पिंपातलं आंबणं दोन दिवसांपूर्वी थांबलं होतं. हॉप्स आता फक्त वासासाठी होते. झाकण लावून त्याने घड्याळ पाहिलं. सोमवार, सकाळचे नऊ.

"शुक्रवारी नऊला बाहेर," तो गॅरेजमधून आत येत म्हणाला.

पुढच्या खोलीत भाड्याने आणलेल्या दवाखान्याच्या पलंगावर त्याची बायको आर्डिथ पडून होती. तिने डोळे न उघडताच विचारलं, "नऊला की नऊ वाजून पाच मिनिटांनी?"

हॉप्सच्या शेतांनी वेढलेल्या त्यांच्या मॉक्सी गावाच्या आसपास घरी बिअर करणारे चाळीसेक जण होते आणि हॉप्स किती दिवस ठेवायचे यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. कोणी दोन दिवस म्हणे, कोणी आठवडा. लुसियनचा हिशेब ठरलेला होता. तीन दिवसांत वास पुरता उतरत नाही, पाचव्या दिवसापासून ओल्या गवताची चव यायला लागते. म्हणून चार. लोक त्याच्या वक्तशीरपणाला हसत, पण तो वाद घालत नसे.

तो एकतीस वर्षं हॉप्सच्या वाळवण-भट्टीवर होता. नोकरीच्या दुसऱ्याच हंगामात मुकादमाने घाई केली आणि त्याने एक थर तासभर आधी काढला होता. दमट हॉप्सचे गठ्ठे बांधले गेले, आतून तापले आणि तिसऱ्या दिवशी अर्धं कोठार जळालं. माणूस कोणी दगावला नाही. पण त्यानंतर लुसियनने कुणाच्याही सांगण्यावरून कुठलीच गोष्ट वेळेआधी काढली नाही.

आर्डिथ त्याच भट्टीच्या अलीकडे, तोडणीयंत्राच्या पट्ट्यावर पानं-काड्या वेचायला असे. हॉप्सचं एक बोंड तळहातावर चुरडून ती नुसत्या वासावरून सांगे, हे कुठल्या शेतातलं आणि दोन दिवस उशिरा तोडलंय की लवकर. लुसियनच्या प्रत्येक बिअरचा पहिला घोट तिचा. ती कधी स्तुती करत नसे. "पिण्याजोगी आहे," म्हणाली की तो दिवसभर शीळ घालत हिंडे.

मंगळवारी रोझाल्बा आली. ती घरी येऊन शेवटच्या दिवसांतल्या दुखणेकऱ्यांची देखभाल करणारी परिचारिका. आर्डिथचा स्वादुपिंडाचा कर्करोग आता औषधांच्या पलीकडे गेला होता आणि रोझाल्बाच्या हातात दुखणं सुसह्य करणं एवढंच होतं. निघताना तिने लुसियनला अंगणात बोलावलं. आता महिने-आठवडे धरू नका, दिवस धरा, असं तिने सांगितलं. खाण्यापिण्याचं काही पथ्य नाही, मागतील ते द्या, घोटभर का होईना.

"शुक्रवारी बिअर तयार होतेय," लुसियन म्हणाला.

रोझाल्बाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "तुम्ही मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

ऐकलं, असं तो म्हणाला.

बुधवारी दुपारी आर्डिथला जरा हुशारी वाटली. खिडकी उघडी होती. सप्टेंबरचा मध्य, सगळ्या भट्ट्या चालू, आणि गावभर तो कडवट हिरवा वास. तिने उशी उंच करून घेतली.

"लुसियन, पिंपातली घोटभर आण रे."

"अजून झाली नाही."

"माहितेय मला. तशीच आण."

"दोन दिवस झालेत फक्त. वास वरवरच असेल. शिवाय गॅस नाही, मचूळ लागेल." तो तिचं पांघरूण नीट करत राहिला. "शुक्रवारी देतो ना. फक्त दोन दिवस."

"शुक्रवार लांब आहे रे."

गॅरेज बारा पावलांवर होतं. झाकण उघडायला आणि पळीभर काढायला एक मिनिट पुरलं असतं. पण आज पिंप उघडणं म्हणजे शुक्रवार येणार नाही हे कबूल करणं होतं, आणि ते त्याच्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकलं नसतं. शुक्रवारी देतो असं सांगितलंय म्हणजे तोवर ती थांबेल, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

आर्डिथने त्याचा हात थोपटला. "बरं बाबा. तू आणि तुझं घड्याळ." मग तिने पाणी मागितलं, आणि त्याने ते लगेच आणून दिलं.

गुरुवारी ती जागी झालीच नाही. दुपारी दीडच्या सुमाराला, रोझाल्बा तिचे ओठ ओल्या कापसाने पुसत असताना, श्वास थांबला.

शुक्रवारी सकाळी लुसियन गॅरेजमध्ये गेला. नऊ वाजता त्याने पिशवी बाहेर काढली, पिळली नाही, निथळू दिली. मग बिअर पिंपातून स्टीलच्या टाकीत घेतली, फेसासाठी गॅस जोडला आणि टाकी फ्रिजमध्ये ठेवली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

पुढच्या गुरुवारी दफनविधी झाला. नंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये हॅमचे सँडविच आणि बटाट्याचा खीस आणि चीज घालून भाजलेल्या पदार्थाची परात होती. लुसियनने टाकी स्वतः नेली आणि स्वतःच सगळ्यांना पेले भरून दिले. लोक आधी रीत म्हणून प्यायले, मग मागून प्यायले. पट्ट्यावर आर्डिथबरोबर काम केलेल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसतापुसता पेल्याचा वास घेत राहिल्या.

मर्ल शोडीन त्याच्याजवळ आला. दोघे वीस वर्षं एकत्र बिअर करत होते, आणि दुःखाचं कसं बोलावं हे मर्लला कधीच जमलं नव्हतं.

"लुसियन, खोटं नाही सांगत," तो म्हणाला, "इतकी चांगली तुझीसुद्धा कधी झाली नव्हती. हॉप्स किती दिवस ठेवलेस?"

लुसियन तोटीखाली पेला धरून उभा होता.

"दोन दिवस जास्त," तो म्हणाला.

मर्लने आणखी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि मान हलवली. "छे. गवत अजिबात लागत नाही."

लुसियनने पेला काठोकाठ भरला, फेस खाली बसेपर्यंत थांबला, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला दिला.